दोनशे बारा माद्या

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळं शहर ‘सर’ म्हणतं. उभ्या जन्मात त्यांनी शाळेत एक तास घेतलेला नाही. नोकरी केली ती विम्याच्या कचेरीत, आणि तिथेही पाट्याच टाकल्या. पण गळ्यात दुर्बीण अडकवून माणूस चाळीस वर्षं तलावाच्या बांधावर उभा राहिला की लोक त्याला आपोआप सर म्हणायला लागतात. मी भावोजी म्हणते. मनात काय म्हणते ते इथे लिहीत नाही, ताई वाचेल.

मी संग्रहालयात पक्षी विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक खोली आणि भिंतभर लोखंडी कपाटं. कपाटांत सपाट कप्पे, कप्प्यांत पक्षी. मेलेले, आतून साफ करून कापूस भरलेले, उताणे निजवलेले. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: कुठे सापडला, कधी, नर की मादी. नर की मादी हे मी पोट उघडून बघते आणि मग लिहिते, त्यामुळे तिथे कोणाच्या मताला वाव नसतो. सव्वीस वर्षं हेच करते आहे. माझ्या हातांना वास येतो हे मला माहीत आहे, त्यामुळे लग्नसमारंभात कोणी ते मुद्दाम सांगायची गरज नाही.

भावोजींचं काम माझ्यापेक्षा फार सोपं. त्यांचं एक मंडळ आहे. दर रविवारी सकाळी सात-आठ जण पाणीपुरवठ्याच्या तलावाच्या बांधावर जमतात. एक दंतवैद्य आहे, त्याच्या कॅमेऱ्याची नळी एवढी लांब की ती धरायला तो बायकोला आणतो. सगळे टोप्या घालून, वह्या उघडून उभे राहतात. मग भावोजी दुर्बीण डोळ्याला लावतात, घसा खाकरतात आणि मोठ्याने सांगतात, “हिरव्या डोक्याची रानबदकं, माद्या, एकशे नव्वद!” की सातही जण लिहितात, माद्या, एकशे नव्वद. घरी जाऊन सातही वह्या ताडून बघतात. सगळीकडे तोच आकडा! म्हणजे आकडा बरोबर असणारच, नाही का? कोणाच्या डोळ्यांना काय दिसलं हे विचारायची त्यांच्यात पद्धतच नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात. या लोकांना दुरून बदकंही साजरीच दिसतात.

या आकड्यांवर भावोजींनी एक पुस्तिका काढली आहे. तिच्यात त्यांचा जगप्रसिद्ध सिद्धान्त आहे, म्हणजे आमच्या शहरापुरता जगप्रसिद्ध. उन्हाळा सरत येतो तेव्हा तलावावर एकही हिरवं डोकं दिसत नाही, सगळी बदकं तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. तर भावोजी म्हणतात, नर संसार टाकून निघून गेले, आणि पिल्लांना मोठं करून दमलेल्या माद्या चार दिवस विसाव्याला तलावावर आल्या. यावर ते व्याख्यान देतात. तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसतात.

कपाळ माझं! अहो, खरं आहे ते याच्या बरोबर उलट. नर संसार टाकतात ते खरं, पण जातात कुठे? याच तलावावर येतात. उन्हाळ्याच्या शेवटी नराची सगळी पिसं झडतात. हिरवं डोकं जातं, मानेतला पांढरा पट्टा जातो, आणि महिना-दीड महिना तो अंगाने हुबेहूब मादीसारखा दिसतो. पंखांतली उडायची पिसंही सगळी एकदम गळतात. त्या तीन-चार आठवड्यांत तो उडू शकत नाही. वीतभरसुद्धा नाही. म्हणून तर बिचारे मोठं, खोल पाणी शोधून मधोमध बसून राहतात. ज्यांना भावोजी चाळीस वर्षं दमलेल्या आया म्हणून मोजत आले, ते सगळे बापे आहेत.

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. वीस वर्षांपूर्वी, त्यांच्या व्याख्यानात, भर सभागृहात उभी राहून सांगितलं होतं. तेव्हा ते व्यासपीठावरून हसले आणि म्हणाले, “आमच्या मेव्हणीबाई फार हुशार आहेत हो, पण त्यांना बदक फक्त उताणं पडलेलंच ओळखता येतं.” सगळं सभागृह खदखदून हसलं. ताईसुद्धा हसली. मी खाली बसले आणि कानाला खडा लावला. त्यानंतर पुस्तिकेच्या चार आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक आवृत्ती मी विकत घेतली, खोलीचं दार लावून वाचली आणि एकटीच पोट दुखेपर्यंत हसले.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग एका गुरुवारी दुपारी माझी भाची डबा घेऊन खोलीवर आली.

भाची म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तलावावर जायची, आता त्याच तलावावर पाणीपुरवठा खात्याची अभियंता आहे. नोकरीला सात महिने झालेत. आईचं नाक आणि माझी जीभ, असं ताई म्हणते; मला वाटतं जीभ ती वापरत नाही, नुसती बाळगते. मेलेल्या पक्ष्यांच्या खोलीत बसून जेवायला तिला काही वाटत नाही, म्हणून ती मला आवडते.

“सोमवारी सकाळी सहाला तळाचं दार उघडतेय, मावशी,” ती घास चावत म्हणाली. “दाराची रबरी पट्टी गेलीय. तीन वर्षांपूर्वी बदलली होती, पण काम भिकार झालं होतं. पाणी निम्म्याच्या खाली उतरवायचं, पट्टी घालायची, बारा दिवसांत काम खल्लास. पहिल्यांदाच सगळं माझ्या एकटीच्या सहीने होतंय.”

“आणि बदकं?”

“ते झालंय ना.” तिने फायलीतून एक पत्र काढलं. भावोजींच्या मंडळाचा शिक्का, भावोजींची लफ्फेदार सही. सध्या तलावावर फक्त माद्या आहेत, संख्या दोनशे बारा. सर्व उडण्यास समर्थ. पाणी उतरू लागताच शेजारच्या तलावाकडे निघून जातील. सबब पाणी सोडण्यास हरकत नाही.

आधी मला हसूच आलं. सवय झालेली ना! मग हसू थांबलं, कारण पत्राच्या खाली दुसरी रेघ होती. ‘वरीलप्रमाणे खात्री करून’ असं छापलेलं, आणि तिच्यापुढे भाचीच्या सहीसाठी जागा. ती अजून कोरी होती.

“सही करू नकोस,” मी म्हणाले.

मग मी तिला सगळं सांगितलं. पिसं, पंख, महिना. पाणी उतरलं की काठाकाठाने शंभर पावलं रुंद चिखल होणार, बदकं त्यात अडकणार. उडता येत नाही, चिखलात धड चालता येत नाही. कुत्री आणि कोल्हे ताटावर बसल्यासारखे येऊन बसतील. तिचं जेवण थांबलं.

“बाबा चुकतील?” ती म्हणाली. कोणी तिला सांगितलं असतं की जमीन सपाट आहे, तरी ती याच आवाजात बोलली असती. “मावशी, चाळीस वर्षं बघतायत ते.”

“चाळीस वर्षं चुकीचं बघितलं की ते बरोबर होतं का गं?”

“मग चल ना, बाबांनाच विचारू.”

त्या संध्याकाळी मी ताईकडे जेवायला गेले. भावोजी टेबलाच्या टोकाला बसले होते. जेवताना त्यांच्या गळ्यात दुर्बीण नव्हती हे ताईचे उपकार. भाचीने विषय काढला. बिचारीने फार हळू काढला, “बाबा, ती बदकं नर असू शकतील का हो?” असा.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. “आली का संग्रहालयाची स्वारी! अगं, जिवंत पक्षी ओळखणं वेगळं आणि कप्प्यातला वेगळा. तू पक्षी ओळखतेस तो चिठ्ठी वाचून.”

“चिठ्ठी मीच लिहिलेली असते, भावोजी. चोच बघितलीत का?”

“चोच?”

“नराची चोच तेव्हाही पिवळसर हिरवट राहते. मादीची नारिंगी असते, वर काळपट डाग. पिसं बदलतात, चोच बदलत नाही.”

“तीनशे पावलांवरून, समोरून उन्हाची तिरीप येत असताना तू चोच बघून दाखव मला.”

“उन्हाची तिरीप येते तर दुसऱ्या बांधावर उभे राहा ना! कोणी खिळे ठोकलेत का पायांत?”

“दुसऱ्या बांधावर गाडी लावायला जागा नाही,” भावोजी म्हणाले. आणि हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले हो!

“बरं, डोळे राहू द्या. कान तरी? मादी केवढ्याने ओरडते हे ठाऊक आहे ना? नराचा आवाज घोगरा, घशातल्या घशात. दोनशे बारा माद्या पाण्यावर बसल्यात आणि सकाळभर एक हाक नाही, हे चाळीस वर्षांत एकदाही खटकलं नाही?”

इथे दंतवैद्य असता तर त्याने बायकांच्या बडबडीवर विनोद केला असता. भावोजींना तेही सुचलं नाही. ते लाल झाले. “मी पत्र दिलंय. आजवर माझं एक पत्र कोणी परत पाठवलेलं नाही.”

“बाबा, एकदा फक्त परत बघाल?” भाची म्हणाली. “सही माझी आहे. चुकलं तर ती मरतील, आणि ते मी केलेलं असेल.”

“म्हणजे आता तू मला तपासणार?”

“जेवताना नको हं,” ताई म्हणाली. गेली तीस वर्षं ती हेच वाक्य म्हणते आहे.

भाचीने हात धुतले आणि उभ्या उभ्या म्हणाली, “मला तुमच्या दोघांची भांडणं नकोत. मला बदक बघायचंय. मावशी, तुझ्याकडे तसलं एखादं आहे का?”

“एखादं?” मी म्हणाले. “ये उद्या. कप्पाभर दाखवते.”

मी किती ऐटीत म्हणाले हे! घरी जातानासुद्धा गाणं गुणगुणत गेले. वीस वर्षांचं उट्टं निघणार होतं, तेही त्यांच्याच मुलीच्या तोंडून. उथळ पाण्याला खळखळाट फार असतो, आणि त्या पाण्याचा तळ मी उद्या उघडा करून दाखवणार होते.

शुक्रवारी ती आली. मी मधल्या कपाटाचा खालचा कप्पा ओढला. कप्पा जड आहे, दोन्ही हात लागतात. तिथे दोन रांगांत ते पडले होते, तपकिरी, ठिपक्यांचे, एकजात मादीसारखे. मी त्यातला एक उचलला, पंख फाकवला. आखूड पंखाच्या कडेला कोवळ्या नळ्यांची ओळ होती, जेमतेम बोटाच्या पेराएवढी.

“हे बघ. ही उडायची पिसं. नुकती फुटू लागली होती. यावर काय उडणार? आणि चोच बघ, सुकली तरी रंग कळतो. छातीवर तांबूस झाक आहे ना, तीही मादीला नसते. पोट उघडून खात्री केली आहे, सगळे नर. एवढी मोठी मालिका या अवस्थेतली दुसरीकडे कुठे बघायला मिळेल असं मला वाटत नाही. त्रेचाळीस आहेत.”

ती खाली वाकून बघत होती. पंखाला बोट लावलं, चोच पाहिली. मान डोलावली. तिला पटलं हे मला दिसलं आणि मी खूश झाले. मग तिने पायाची चिठ्ठी उलटी केली आणि वाचली. दुसऱ्याची वाचली. मग रांगेने वाचत गेली, एकेक पाय उचलत. मी म्हणाले, “सगळ्यांवर तेच लिहिलंय,” आणि म्हणता म्हणताच मी काय दाखवून बसले ते मला कळलं.

“हे आमच्या तलावावरचे आहेत,” ती म्हणाली.

“हो.”

“तीन वर्षांपूर्वीचे. सगळे एकाच आठवड्यातले.”

“मेलेला रानपक्षी सापडला की संग्रहालयाकडे पाठवायचा, असा नियमच आहे. तिथल्या रखवालदाराने पोत्यांत भरून आणून दिले.”

“तेव्हा पट्टी बदलायला पाणी सोडलं होतं.” तिने चिठ्ठी खाली ठेवली. “बाबांनी मंडळाच्या पत्रकात लिहिलं होतं, अज्ञात रोगाने माद्या मेल्या. मी कॉलेजात होते. मी रडले होते, मावशी. तू पण होतीस तेव्हा घरी.”

मी कप्पा आत ढकलायला लागले. तो अडकला.

“तुला तेव्हाच कळलं होतं?”

“पोट उघडल्याबरोबर कळलं. रोग नव्हता. कुत्र्यांचे दात होते, आणि काही नुसते उपासाने गेले होते.”

“मग तू सांगितलं का नाहीस?”

“कोणी विचारलं मला?” माझा आवाज चढला. “वीस वर्षांपूर्वी सांगितलं तर भर सभेत माझी टर उडवली तुझ्या बापाने! मी काय दर वेळी तोंड फोडून घ्यायला जायचं? छापू दे म्हटलं अज्ञात रोग. छापू दे काय छापायचं ते. एक ना एक दिवस पितळ उघडं पडेलच.”

“उघडं पडायला त्रेचाळीस लागले,” ती म्हणाली. “आता दोनशे बारा आहेत.”

आणि ती निघून गेली. डबा तिथेच राहिला. मला तिचा इतका राग आला! म्हटलं, बापाला एक शब्द बोलायची हिंमत नाही आणि मावशीला शहाणपण शिकवतेय. शनिवारभर तिचा फोन आला नाही. मी पण केला नाही. दोन वेळा हातात घेतला आणि ठेवून दिला.

रविवारी सकाळी मी तलावावर गेले. मंडळ बांधावर हजर होतं, टोप्या, वह्या, लांब नळी आणि ती धरणारी बायको. भावोजी नेहमीच्या जागी उभे होते. त्यांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं. बदकं पाण्याच्या मधोमध होती, तपकिरी ठिपक्यांचा पुंजका, चिडीचूप. भावोजी घसा खाकरून म्हणाले, “माद्या, दोनशे बारा.” वह्यांत पेन्सिली सरसरल्या.

तेवढ्यात खालच्या पंपघराकडून खात्याची होडी निघाली. रखवालदार वल्ही मारत होता आणि पुढे भाची बसली होती. होडी सरळ बदकांच्या अंगावर गेली.

“अरे, काय करतेय ही! उडवून लावेल सगळ्या!” दंतवैद्य ओरडला.

“उडू देत,” भावोजी शांतपणे म्हणाले. “तेच बघायचंय तिला. उडतील आणि पलीकडे जातील.”

होडी पन्नास पावलांवर आली. बदकं सरकू लागली. होडी वीस पावलांवर आली. भाची उभी राहिली आणि तिने वल्ह्याने पाण्यावर सपकन फटका मारला. मादी असली तर बाणासारखी वर जाते. त्या पुंजक्यातून मोजून सहा उडाल्या, केवढ्याने ओरडत, आणि झाडांवरून निघून गेल्या. बाकीचे पाण्यावरून धावत सुटले. ते आखूड, बोडके पंख पाण्यावर आपटत, मान पुढे काढून, फेस उडवत, आणि एकही पाण्याच्या वर उठला नाही. शंभर पावलं अशी धडपड करून थांबले, काहींनी बुडी मारली. बांधावर कोणी काही लिहिलं नाही.

मी भावोजींकडे बघितलं. या क्षणाची मी वीस वर्षं वाट बघितली होती. त्यांनी दुर्बीण खाली केली, परत डोळ्याला लावली, परत खाली केली.

“दमल्या असतील,” ते म्हणाले.

मी हसले. मोठ्याने हसले, लाज न बाळगता. दंतवैद्याची बायको माझ्याकडे बघत राहिली. हसताना माझ्या लक्षात आलं की भावोजींची मान हलतेय. ते ओठ हलवत मोजत होते. नर मोजत होते.

भाची वर आली तेव्हा तिच्या चपला चिखलाने भरल्या होत्या. “दोघं खाली चला,” ती म्हणाली. बाबा नाही, मावशी नाही. आम्ही मुकाट्याने तिच्यामागे पंपघरात गेलो. यंत्राच्या आवाजाने तिथली खिडकी सतत थरथरत असते. तिने मोठ्या साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिकडून काय म्हणत होते ते आम्हालाही ऐकू येत होतं, साहेबांचा आवाज तसाच आहे. माणसं नेमली आहेत, यंत्रं उद्या पहाटे येतायत, आणि ऐन वेळी हे काय? तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत पाणी सोडलं होतं, तेव्हा काय झालं? काही नाही ना? मग आता काय होणार आहे? एक वाजेपर्यंत लेखी द्या, सरांचं पत्र मागे घेतल्याचं आणि मागच्या वेळी काही झालं असेल तर त्याचा पुरावा. नाहीतर दार उघडेल, तुमच्या सहीने नाही तर माझ्या.

तिने फोन ठेवला, टेबलावर दोन कोरे कागद आणि दोन पेनं ठेवली. घड्याळात पावणेबारा झाले होते.

मी खुर्ची ओढून आरामात बसले. म्हटलं, आता बघू या सर काय लिहितात. हा माणूस वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा दीड पान लिहितो. ‘प्रकाशाच्या विशिष्ट कोनामुळे’ असं काहीतरी येणार, ‘नव्या संशोधनानुसार’ येणार, आणि शेवटी चूक बदकांचीच ठरणार. भावोजींनी चष्मा लावला, कागदावर वाकले आणि दोन मिनिटांत पेन खाली ठेवलं. कागद मुलीकडे सरकवला. मी मान लांब करून वाचला.

‘तलावावरील बदके मी माद्या म्हणून ओळखली. ते नर आहेत आणि सध्या उडू शकत नाहीत. माझी चूक झाली. माझे पत्र रद्द समजावे.’

एवढंच. त्यात ‘परंतु’ कुठे आहे ते मी दोनदा शोधलं. नव्हता.

“बाबा,” भाची म्हणाली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, आणि पुसतच राहिले. मग ती माझ्याकडे वळली.

मी लिहायला घेतलं. मला लिहायची सवय आहे, रोजचंच काम. ‘संग्रहालयाकडे याविषयी कोणत्याही खात्याने अधिकृत विचारणा न केल्यामुळे’ असं सुरू केलं. मग ‘नमुने प्राप्त झाले असता’ लिहिलं. ‘संबंधित मंडळाने प्रसिद्ध केलेल्या चुकीच्या निष्कर्षाकडे’ हेही लिहिलं, छान वळणदार. पाऊण पान झालं. भाचीने ते उचललं, वाचलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं.

“ते कशाने मेले हे यात नाही,” ती म्हणाली. “आणि तुला माहीत होतं हे पण नाही. साहेब विचारतील की तीन वर्षांत कोणी बोललं का नाही. मी काय सांगू?”

“सांग की तुझ्या बापाने—”

“बाबांनी त्यांचं लिहिलंय, मावशी.”

भावोजी एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. ते खिडकीतून पाण्याकडे बघत होते, साध्या डोळ्यांनी. साडेबारा झाले. मी ते पाऊण पान फाडलं आणि नवा कागद घेतला. सव्वीस वर्षं मी कागदावर खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि आता खरं लिहिताना अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येत होतं.

‘तीन वर्षांपूर्वी तलावातील पाणी सोडल्यावर त्रेचाळीस बदके चिखलात अडकून मेली. सर्व नर, उडण्यास असमर्थ. मी स्वतः तपासली. कारण मला माहीत होते. मी कोणालाही सांगितले नाही.’

खाली सही केली. कागद तिच्याकडे ढकलला आणि उठले. लवकर बाहेर पडावंसं वाटत होतं.

तिने तो उभ्यानेच वाचला.  मग तिने तो परत टेबलावर ठेवला आणि सहीच्या शेजारी बोट टेकवलं.

“तारीख राहिली.”

“आज काय, बावीस ना?”

“आजची नको,” भाची म्हणाली. “तुला कळलं त्या दिवशीची घाल.”

मी परत बसले आणि ती तारीख घातली.